दार बदलायला परवानगी लागते, दाराचा प्रोग्रॅम बदलायला का नाही?

प्रति,
शहर प्रशासने, इमारत परवानगी विभाग आणि बांधकाम नियमावली ठरवणाऱ्या समित्या

विषय : इमारतींतील आणि रस्त्यांवरील संगणकीय यंत्रणांना बांधकाम साहित्याचे नियम लावण्याबाबत

महोदय, महोदया,

इमारतीतली एखादी भिंत हलवायची असेल तर आपला विभाग नकाशा मागतो, संरचना अभियंत्याची सही मागतो, जागेवर येऊन पाहणी करतो. ते योग्यच आहे. त्या कडकपणामुळे माणसे वाचतात. पण त्याच इमारतीतली दारे कधी उघडावीत, धुराचे पंखे कधी फिरावेत, लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबावी हे ठरवणारा प्रोग्रॅम दूरच्या एखाद्या कंपनीने रातोरात बदलला, तर आपल्या दफ्तरी ओळभरही नोंद होत नाही. मुळात कोणता प्रोग्रॅम बसवला होता याचीच नोंद नसते, मग बदलाची कुठून असणार?

हे पत्र लिहिणारे आम्ही वास्तुरचनाकार, इमारत-सेवा अभियंते, कंट्रोल पॅनेल जोडणारे तंत्रज्ञ आणि इमारती वर्षानुवर्षे चालवणारे देखभाल कर्मचारी आहोत. पूर्णत्वाच्या कागदांवर आमच्या सह्या असतात. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा फोन लागला नाही तर जाब आम्हाला विचारला जातो. डिजिटल तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही, आमचे रोजचे काम त्यावरच चालते. खोलीत माणसे किती आहेत हे ओळखून हवा कमी-जास्त करणारी यंत्रणा वीज वाचवते. गळती ओळखणारा मीटर पाणी वाचवतो. बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाचे वळणदार आकार १९९७ मध्ये प्रत्यक्षात उतरले, त्यामागे विमानांच्या आरेखनासाठी घडवलेले कॅटिया हे सॉफ्टवेअर होते. आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रोग्रॅम, सेन्सर आणि कंट्रोलर (प्रोग्रॅमप्रमाणे दारे, पंखे, पंप चालवणारे छोटे संगणक) हे आता सिमेंट-पोलादासारखेच बांधकाम साहित्य झाले आहे, आणि तसे मानून त्याची तपासणी करण्याची जबाबदारी आपण अजून घेतलेली नाही.

पहिली तक्रार आयुष्याच्या हिशेबाची आहे. काँक्रीटचा सांगाडा ५० ते १०० वर्षे टिकावा असा आखला जातो. लिफ्टचे यंत्र नीट सांभाळले तर २० ते २५ वर्षे चालते. कंट्रोलर १०-१५ वर्षे. त्याच्यावर देखरेख करणारा संगणक आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टिम त्याहून कमी. कंट्रोल पॅनेलमधली बॅकअप बॅटरी तर ३ ते ५ वर्षांत संपते आणि वीज जाईपर्यंत ती संपल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. एकाच इमारतीत हे सगळे थर एकमेकांत गुंतलेले असतात आणि सर्वांत कमी टिकणारा थर बाकीच्यांवर हुकूम चालवतो. परवानगीच्या अर्जात मात्र ‘हा थर किती वर्षे टिकेल आणि नंतर काय’ हे विचारणारा रकाना आम्हाला सापडत नाही.

याचे परिणाम काय होतात ते अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील मिनेचॉग रीजनल हायस्कूलमध्ये जगाने पाहिले. २०१२ च्या नव्या इमारतीत दिवे चालवणारी एक केंद्रीय प्रणाली बसवली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचे सॉफ्टवेअर बंद पडले आणि सुमारे ७,००० दिवे रात्रंदिवस जळत राहिले. हे २०२३ च्या सुरुवातीपर्यंत चालले. प्रणाली बंद पडली तर दिवे चालू राहावेत ही मुद्दाम ठेवलेली सुरक्षित स्थिती होती, आणि शाळेत ती तशीच असावी. चूक त्यापुढची आहे. बहुतेक दिव्यांना भिंतीवरचे स्वतंत्र बटण नव्हते. प्रणाली एकाच कंपनीच्या बंदिस्त सॉफ्टवेअरवर होती, ती कंपनी मधल्या काळात हस्तांतरित झाली होती, आणि सुटे भाग येता येता महिने गेले. जिथे शक्य होते तिथे कर्मचाऱ्यांनी ब्रेकर पाडले, हाताने बल्ब काढले. ब्रेकर आणि दिवा यांच्यामध्ये एक साधा स्थानिक स्विच असावा, एवढी अट परवानगीच्या वेळी घातली असती तर हा प्रश्न एका दुपारीत आटोक्यात आला असता.

घरगुती उपकरणांत हे आधीच घडले होते. रिव्हॉल्व्ह नावाचे घर-नियंत्रक उपकरण मे २०१६ मध्ये कंपनीने सर्व्हर बंद करताच निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद झाले. घरातला डबा फेकून दुसरा आणता येतो. पंधरा मजल्यांच्या इमारतीत तारा काँक्रीटमध्ये पुरलेल्या पाइपांतून गेलेल्या असतात, कंट्रोलर फॉल्स सीलिंगच्या वर असतात आणि खाली माणसे राहत असतात.

याच तक्रारीत लिफ्टचा फोन येतो. जुना आपत्कालीन फोन तांब्याच्या तारांवर चालत असे. त्या तारांतून दूरध्वनी केंद्रातूनच ४८ व्होल्ट वीज येत असे, त्यामुळे इमारतीत अंधार झाला तरी फोन जिवंत राही. फायबरला ही सोय नाही. भिंतीवरच्या राउटरची वीज गेली की फोनही गेला. ब्रिटनमध्ये ही जुनी दूरध्वनी सेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करण्याचे ठरले आहे. तारा काढून मोबाइल नेटवर्कचे यंत्र बसवले म्हणजे काम संपले असेही नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी सेवा थांबवली आणि त्यावर चालणारी जुनी अलार्म यंत्रे बदलावी लागली. लिफ्टच्या डब्यात सिग्नल पोहोचतो का, बॅटरी किती वेळ टिकते, यंत्र कोणत्या पिढीच्या नेटवर्कवर आहे, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय लिफ्टचा परवाना नूतनीकृत होऊ नये. युरोपातले ईएन ८१-२८ हे मानक लिफ्टच्या फोनने निदान दर तीन दिवसांनी आपोआप चाचणी कॉल करावा असे सांगते. पण तो कॉल पलीकडे कोणी तपासतो का, कॉल आला नाही तर कोणाला कळते, हे पाहणे आपल्या पाहणीत यायला हवे.

आणि एक तारीख आत्ताच लिहून ठेवा : १९ जानेवारी २०३८. अनेक छोटे कंट्रोलर वेळ मोजताना १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या आकड्यात साठवतात. त्या दिवशी जागतिक प्रमाणवेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनंतर हा आकडा भरून उलटतो आणि असे यंत्र १९०१ सालात जाऊन पडते. वेळापत्रकावर चालणारी दारे, पंप, दिवे यांनी त्यानंतर काय करावे हे कोणी सांगू शकणार नाही. आज बसवला जाणारा कंट्रोलर त्या दिवशी कामावर असण्याची शक्यता मोठी आहे. ही भीती कल्पनेतली नाही. ६ एप्रिल २०१९ रोजी जीपीएसचा आठवडे मोजणारा आकडा भरून शून्यावर आला. ती तारीख कित्येक वर्षे आधीपासून जाहीर होती, तरी न्यूयॉर्क शहराचे स्वतःचे वायरलेस जाळे त्या दिवशी कोलमडले.

दुसरी तक्रार पडद्याची. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर इमारत जशी दिसते तशी ती असतेच असे नाही, आणि आपले पाहणी अधिकारी पडदा पाहून समाधान मानतात. तीन ठिकाणी हमखास गफलत होते.

एक, डँपर, म्हणजे हवेच्या नळातली उघड-मिट होणारी झडप. पडद्यावर ‘४० टक्के उघडा’ असे दिसते तो बहुधा कंट्रोलरने दिलेला आदेश असतो. डँपरची पाती खरोखर किती उघडली हे कळायला पातीकडून परत येणारा वेगळा संकेत (फीडबॅक) लागतो, आणि खर्च वाचवताना पहिल्यांदा तोच गळतो. मोटर आणि पाती यांना जोडणारा दांडा सैल झाला की मोटर फिरते, पाती जागेवर राहते, पडदा हिरवा दिसतो आणि खोलीतली माणसे डोकेदुखीची तक्रार करतात.

दोन, विसरलेला हस्तक्षेप. बॅकनेट या मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या इमारत-प्रोटोकॉलमध्ये (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या भाषेत) प्रत्येक आदेशाला १ ते १६ यांपैकी एक प्राधान्य पातळी असते. आकडा जितका लहान तितका आदेश वरचढ. माणसाने हाताने दिलेला आदेश ८ व्या पातळीवर बसतो, रोजचा स्वयंचलित कार्यक्रम बहुधा १६ व्या. दुरुस्तीच्या दिवशी कोणी पंखा ८ व्या पातळीवर ‘बंद’ करतो, काम संपते, आदेश मागे घ्यायचा राहतो. त्यानंतर कार्यक्रम वर्षानुवर्षे ‘चालू हो’ म्हणत राहतो आणि पंखा ऐकत नाही. हे शोधायला वेळ लागत नाही, ८ व्या पातळीवर अडकलेल्या आदेशांची यादी काढायची. महिन्यातून एकदा ती यादी काढण्याची सक्ती मात्र आम्हाला कुठे दिसत नाही.

तीन, कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर. स्वस्त सेन्सर कालांतराने ढळतात, म्हणून त्यांत स्वतःला सुधारण्याची एक युक्ती असते. गेल्या काही दिवसांतले सर्वांत कमी मोजमाप म्हणजे बाहेरची ताजी हवा, साधारण ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग), असे ते गृहीत धरतात. रात्री रिकाम्या होणाऱ्या कार्यालयात हे चालते. रुग्णालयात, वसतिगृहात, चोवीस तास चालणाऱ्या नियंत्रण कक्षात हवा कधीच ४०० पर्यंत उतरत नाही. तिथे खरे किमान मोजमाप ७०० असेल तर सेन्सर त्यालाच ४०० समजू लागतो, प्रत्येक वाचन ३०० ने कमी दाखवतो, आणि यंत्रणा ‘हवा उत्तम आहे’ म्हणून ताजी हवा कमी करते. अशा जागी ही स्वयं-सुधारणा बंद करून ज्ञात वायूने वर्षातून एकदा तपासणी करावी लागते. निविदेत फक्त ‘सेन्सर बसवावा’ असे लिहिले की कंत्राटदार कारखान्यातून आला तसा बसवतो. यात त्याचा दोष नाही. दोष निविदा लिहिणाऱ्याचा आहे.

तिसरी तक्रार मॉडेलची आहे, आणि इथे आम्ही आपल्यावर जास्त नाराज आहोत, कारण हेतू चांगला असून अंमल फसला आहे. इमारतीचे त्रिमितीय माहिती-मॉडेल म्हणजे बिम परवानगीसाठी मागण्याची पद्धत सिंगापूरने २०१३ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची केली आणि नंतर इतरही त्या वाटेने गेले. पण परवानगीच्या वेळी येते ते कल्पिलेल्या इमारतीचे मॉडेल. जागेवर तुळई आडवी आली म्हणून पाइप १५० मिलिमीटर सरकवला, हवेचा नळ (डक्ट) वळवला, पॅनेल दुसऱ्या खोलीत नेले, यांतले मॉडेलमध्ये परत येते फार थोडे. पूर्णत्वाच्या वेळी तीच जुनी फाइल ‘प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे’ असे नाव बदलून चढवली जाते. काम झाल्यावर लेझर स्कॅन केले तरी त्यात प्लास्टर दिसते, प्लास्टरमागचे काही दिसत नाही. उपाय साधा आहे. प्रत्येक भिंत आणि सीलिंग बंद करण्यापूर्वी स्कॅन किंवा चहूबाजूंचे छायाचित्र घ्यावे, त्यावर मजला, खोली आणि तारीख असावी, आणि ते जोडल्याशिवाय पुढच्या टप्प्याचे बिल निघू नये. काम करणाऱ्याचा जेमतेम अर्धा तास जातो. वीस वर्षांनी गळती शोधणाऱ्याची भिंत फोडायची वाचते.

फाइलच्या स्वरूपाचाही प्रश्न आहे. अशी मॉडेल बनवणाऱ्या रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरची फाइल नव्या आवृत्तीत एकदा उघडून साठवली की जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही, आणि सॉफ्टवेअरचे भाडे थांबले की स्वतःचीच फाइल नीट उघडता येत नाही. सार्वजनिक दफ्तरात अशी फाइल ठेवणे म्हणजे कुलूप घरात आणि किल्ली विक्रेत्याकडे. आयएफसी हे खुले स्वरूप आयएसओ १६७३९ या मानकाखाली उपलब्ध आहे. त्यातही माहिती गळते, भिंतींचे काही गुणधर्म निघून जातात, म्हणून निर्यात केल्यावर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून दारे, खोल्या आणि अग्निरोधक भिंती मोजून जुळवाव्या लागतात. शिवाय दीर्घकाळ टिकणाऱ्या पीडीएफ-ए स्वरूपात सपाट नकाशे हवेतच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये २०१८ च्या अहवालाने इमारतीची माहिती आरेखनापासून वापरापर्यंत अखंड आणि अद्ययावत ठेवण्याची शिफारस केली आणि २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने उंच निवासी इमारतींना ती लागू केली. इतरांनी तसा कायदा करायला तशाच आगीची वाट पाहू नये.

मॉडेलवर किती विसंबावे याचा धडा तर फार जुना आहे. अमेरिकेतल्या हार्टफर्ड सिव्हिक सेंटर या क्रीडागृहाचे छत संगणकीय गणिताच्या आधारे आखले होते. उभारणीच्या वेळी ते अपेक्षेच्या साधारण दुप्पट वाकल्याचे मोजमापात दिसले. गणितावरचा विश्वास मात्र ढळला नाही. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते कोसळले. काही तास आधी तिथे बास्केटबॉलचा सामना पाहायला हजारो लोक बसले होते. जागेवरचे मोजमाप आणि पडद्यावरचा आकडा जुळत नसेल तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आजही बहुतेक करारांत लिहिलेले नसते.

चौथी तक्रार दारांची. चुंबकीय कुलूप वीज असेपर्यंत दार धरून ठेवते. बाहेर पडण्याच्या वाटेवर असे कुलूप असेल तर ते तीन प्रकारे सुटले पाहिजे : वीज गेल्यावर, आगीची सूचना देणाऱ्या पॅनेलकडून थेट तारेने आलेल्या संकेतावर, आणि दाराशेजारचे बटण दाबल्यावर. नेहमीची चूक या बटणात असते. बटणाने कुलपाचा वीजपुरवठा थेट तोडायला हवा. बसवणारा घाईत त्याची तार कंट्रोलरला जोडतो, म्हणजे बटण फक्त विनंती करते आणि दार सोडायचे की नाही हे प्रोग्रॅम ठरवतो. चाचणीत दार उघडते, सगळे सह्या करतात. ज्या दिवशी कंट्रोलर अडकतो त्या दिवशी माणसे बटण दाबत राहतात. म्हणून चाचणी कंट्रोलरची वीज काढून, कुलपाची वीज चालू ठेवून घेतली पाहिजे. ही एक ओळ आपल्या पाहणीच्या तक्त्यात घातली तरी आमचे अर्धे समाधान होईल.

जाळ्याला जोडलेल्या दारांवर आणि बॉयलरवर दुरून हल्ला होतो हेही आता नवे नाही. २०१६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर फिनलंडमधल्या लापेनरांता शहरात दोन निवासी इमारतींच्या तापमान नियंत्रकांवर इंटरनेटवरून मारा झाला. कंट्रोलर पुन्हा पुन्हा सुरू होत राहिले आणि घरांची उष्णता बंद पडली. जानेवारी २०१७ मधल्या बातम्यांनुसार ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलची किल्ली-कार्ड बनवणारी प्रणाली खंडणीखोरांनी अडवली, नव्या पाहुण्यांना किल्ल्या देता येईनात, हॉटेलने पैसे भरले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे सुमारे सहा तास बंद पडले तेव्हा कर्मचाऱ्यांची प्रवेशपत्रेही चालेनात अशा बातम्या आल्या. दुरुस्ती करणाऱ्याला आत जायचे दारच बिघडलेल्या जाळ्यावर अवलंबून असेल तर काय होते, ते त्या दिवशी दिसले.

पाचवी तक्रार इमारतीबाहेरची आहे. रस्त्याचे स्वरूप आज एकही दगड न हलवता बदलते. न्यू जर्सीतल्या लिओनिया या छोट्या गावाने जानेवारी २०१८ मध्ये गर्दीच्या वेळी सुमारे ६० रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद केले, कारण मार्ग दाखवणारी ॲप महामार्गावरची गर्दी त्यांच्या गल्ल्यांत वळवत होती. रस्त्याची रुंदी, वेगमर्यादा, शाळेसमोर रस्ता ओलांडायची जागा, सगळे नियोजन आपल्या विभागाचे. वाहने कोणत्या गल्लीतून जातील हा निर्णय मात्र नियोजनात भाग न घेतलेल्या कंपनीचा. निदान शाळेच्या वेळा, अरुंद गल्ल्या आणि तात्पुरते बंद रस्ते यांची यंत्राला वाचता येईल अशी अधिकृत माहिती शहराने स्वतः प्रसिद्ध करावी आणि ती पाळणे ॲपना बंधनकारक करावे.

रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल. सॅन डिएगो शहराने २०१६ मध्ये वीज वाचवणे आणि वाहतूक मोजणे या कारणांसाठी सेन्सर असलेले दिवे मंजूर केले. पुढे त्यांतल्या कॅमेऱ्यांचे चित्रण पोलिसांच्या तपासात वापरले जाऊ लागले, नागरिकांना ते उशिरा कळले, आणि वादानंतर २०२० मध्ये कॅमेरे बंद करण्याचा आदेश निघाला. टोरांटोच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झालेला सेन्सरयुक्त वस्तीचा प्रकल्प मे २०२० मध्ये गुंडाळला गेला. माणसांची ओळख सेन्सरमध्येच पुसली जाईल अशी हमी सर्व सहभागींकडून मिळत नाही म्हणून त्या प्रकल्पाच्या गोपनीयता सल्लागाराने २०१८ मध्येच राजीनामा दिला होता. आपल्या निविदांमध्ये ‘बहुउद्देशीय खांब’ हा शब्द दिसला की आम्हाला धास्ती वाटते. उद्देश मोजके आणि लिहिलेले हवेत.

ॲप नसलेल्या, अंध, वृद्ध किंवा फोनची बॅटरी संपलेल्या माणसाला इमारतीत शिरता आले पाहिजे, लिफ्ट बोलावता आली पाहिजे, शौचालयाचे दार उघडता आले पाहिजे. सपाट टचस्क्रीनवर बोटाला काही सापडत नाही. यावर अधिक लिहायची गरज पडू नये.

आमच्या मागण्या अशा आहेत.

१. परवानगीच्या अर्जासोबत डिजिटल साहित्याची यादी घ्या : प्रत्येक कंट्रोलर, सेन्सर, सर्व्हर, जागा, मॉडेल, फर्मवेअरची (यंत्रात भरलेल्या मूळ प्रोग्रॅमची) आवृत्ती, अपेक्षित आयुष्य, उत्पादकाचा पाठिंबा संपण्याची तारीख, परवाने आणि डिजिटल सुरक्षा प्रमाणपत्रे संपण्याची तारीख. ही शेवटची तारीख विसरली जाते. बॅकनेटच्या नव्या सुरक्षित प्रकारात प्रमाणपत्र संपले की उपकरणे एकमेकांशी बोलणे थांबवतात.

२. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी बंद-चाचणी सक्तीची करा. बाहेरचे इंटरनेट ७२ तास तोडून ठेवायचे. मुख्य सर्व्हर बंद करायचा. मग मुख्य वीज पाडायची. प्रत्येक टप्प्यावर बाहेर पडायची दारे, लिफ्टचा फोन, धुराचे पंखे, जिन्यातले दिवे आणि पाण्याचे पंप हाताने चालतात का ते साक्षीदारांसमोर तपासायचे. पंप आणि पंख्यांच्या प्रत्येक पॅनेलवर ‘हात-बंद-स्वयंचलित’ असा तीन स्थितींचा स्विच असावा आणि ‘हात’ स्थितीत कंट्रोलरला मधे स्थान नसावे. २०३८ ची चाचणी चालत्या इमारतीत करू नये, त्याने नोंदी आणि प्रमाणपत्रे बिघडतात. प्रत्येक प्रकारचा एक सुटा कंट्रोलर टेबलावर ठेवून त्याचे घड्याळ पुढे नेऊन पाहावे.

३. हस्तांतरणाच्या वेळी मालकाला काय मिळायला हवे ते नियमात लिहा : संपादन करता येईल असा मूळ प्रोग्रॅम (नुसती यंत्रात भरलेली प्रत चालणार नाही), सर्व बिंदूंची, म्हणजे प्रत्येक मोजमापाची आणि आदेशाची, यादी (पॉइंट-लिस्ट) एककांसह, यंत्रणा कोणत्या क्रमाने वागते याचे साध्या भाषेतले वर्णन, तारांच्या खुणा, आणि प्रशासक पातळीचे पासवर्ड. पासवर्ड आपल्या दफ्तरात नकोत. ते मालकाकडे सीलबंद असावेत आणि हस्तांतरणाच्या दिवशी सगळे बदललेले असावेत.

४. दार, लिफ्ट, आग आणि धूर यांच्याशी संबंधित प्रोग्रॅमचा कोणताही बदल हा बांधकामातला बदल माना. आधी लेखी सूचना, मग बदल, मग संबंधित भागाची पुन्हा चाचणी, मग जबाबदार अभियंत्याची सही. सुरक्षेतली तातडीची त्रुटी बुजवायची असेल तर बदल आधी करू द्या, पण चाचणी आणि नोंद आठवड्याच्या आत घ्या.

५. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या यंत्रणांना खुले प्रोटोकॉल, खुली फाइल-स्वरूपे आणि प्रमाणित सॉकेट सक्तीचे करा. रस्त्याच्या दिव्याचे एलईडी ५०,००० तासांचे असे सांगितले जाते. रात्री वर्षाला चार हजारांहून थोडे जास्त तास दिवा जळतो, म्हणजे सुमारे बारा वर्षे. त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि दुरून आदेश घेणारा रेडिओ-नियंत्रक बहुधा आधी जातात. नियंत्रक सात पिनांच्या नेमा किंवा झागा १८ या प्रमाणित सॉकेटवर असेल तर तो काढून दुसऱ्या कंपनीचा बसवता येतो. दिव्याच्या पोटात असेल तर दिवाच फेकावा लागतो.

६. सार्वजनिक जागेतल्या प्रत्येक सेन्सरच्या खांबावर तो काय मोजतो, माहिती किती दिवस राहते आणि कोणाकडे जाते हे लिहा. नवा उपयोग जाहीर सुनावणीशिवाय सुरू होऊ नये.

७. प्रत्येक डिजिटल प्रवेशाला आणि सेवेला हाताने वापरता येणारा पर्याय असेल, आणि तो पर्याय कुलूपबंद नसेल.

८. आपल्या पाहणी पथकात नियंत्रण यंत्रणा समजणारा निदान एक अभियंता नेमा. मल्टिमीटर, पॉइंट-लिस्ट आणि शिडी घेऊन फॉल्स सीलिंगच्या वर डोके घालणारा माणूस हवा. सादरीकरण पाहून परत जाणाऱ्याने हे काम होणार नाही. आणि देखभालीच्या अंदाजपत्रकात कंट्रोलर बदलण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष ठेवा, नाहीतर बारा वर्षांनी पैसे रंगकामाला जातील.

जुन्या इमारतींना एकदम सगळे लागू करता येणार नाही हे आम्हाला मान्य आहे. सुरुवात रुग्णालये, शाळा, वृद्धाश्रम आणि उंच निवासी इमारतींपासून करा. पहिल्या सहा महिन्यांत यादी, पुढच्या सहा महिन्यांत दारे आणि लिफ्टच्या फोनची चाचणी. चाचणीचा नमुना, तक्ते आणि प्रशिक्षणासाठी वेळ आम्ही विनामूल्य द्यायला तयार आहोत. यांपैकी कोणत्या मागण्या आपण स्वीकारता, कोणत्या नाकारता आणि का, याचे लेखी उत्तर साठ दिवसांत मिळावे आणि ते नागरिकांना वाचता येईल असे प्रसिद्ध व्हावे, अशी विनंती आहे.

आपले,
इमारती आखणारे, जोडणारे आणि सांभाळणारे